मूळ रंगाची बाजू

गाडीला ओरखडा पडला की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो. सोसायटीच्या पार्किंगमधले शेजारी, ऑफिसातले सहकारी, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस, सगळे एकच सांगतात: स्वतः काही करायला जाऊ नका, पॅनल रंगवून घ्या, विमा आहेच. त्यातले जास्त अनुभवी लोक आणखी पुढे जातात. एवढ्याशा चऱ्यासाठी क्लेम कशाला घालवता, अजून दोन-चार पडू द्या, पॉलिसी संपायच्या आधी सगळे एकदम उरकून घ्या, असे ते सांगतात. हे मत इतके रुळले आहे की त्याला कोणी कारण विचारत नाही. माझे म्हणणे असे की बहुतेक ओरखड्यांच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. त्यात गाडीचे हित नाही, मालकाच्या खिशाचे नाही, आणि ज्याच्या हातात रंगाची गन असते त्या कामगाराचेही नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण त्याला बळ नाही असे नाही. गाडी रंगवणे ही कारागिरी आहे. छटा जुळवणे, गनने सारखा फवारा मारणे, ओल्या रंगावर धूळ बसू न देणे, हे घरी साधत नाही. घरी ब्रशने लावलेला रंग डागासारखा दिसतो, आणि जोर लावून घासत बसले तर होता तोही रंग जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये बूथ असतो, रंगाचा कोड घालून शेड तयार करण्याची सोय असते, कामाची हमी असते. पॅनल पुन्हा कंपनीतून आल्यासारखे होते आणि गाडी विकताना चांगला भाव येतो. यातले कारागिरीविषयीचे सगळे मला मान्य आहे. मान्य नाही ते पॅनल पुन्हा कंपनीतल्यासारखे होते हे गृहीतक. सगळे मत उभे आहे ते त्याच्यावर.

कारखान्यात गाडी रंगायला जाते तेव्हा ती नुसता पत्र्याचा सांगाडा असते. त्यात वायर नाही, काच नाही, रबर नाही, सीट नाही. तो सांगाडा धुऊन, त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करून, अख्खाच्या अख्खा टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने गंजरोधक प्रायमरचा पहिला थर पत्र्यावर ओढून बसवतात. दाराच्या पोकळीत, पत्र्याच्या घडीत, जिथे कुठलीही गन पोचणार नाही तिथे हा थर पोचतो. मग तो १६० ते १८० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजला जातो. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला गॅरेजमध्ये कोणी लॅकर म्हणतात, कोणी क्लिअर. हा वरचा थरही साधारण १४० अंशांना भाजतात. त्या उष्णतेत रेझिनच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि घट्ट जाळे तयार होते. सगळे मिळून जाडी भरते १०० ते १२० मायक्रॉन, झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. त्यात पहिला थर सुमारे २०, दुसरा प्रायमर ३० ते ३५, खरा रंग जेमतेम १५, आणि क्लिअर ३५ ते ४५.

तयार गाडी पुन्हा त्या भट्टीत घालता येत नाही. प्लास्टिक वितळेल, रबर करपेल, वायरिंग जाईल, टाकीत पेट्रोल आहे ते वेगळेच. म्हणून गॅरेजमधला रंग वेगळ्या रसायनाचा असतो: त्यात हार्डनर मिसळून तो साध्या हवेत किंवा बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवून सुकवतात. चांगल्या हाताने केले तर तो रंग सुंदर दिसतो आणि वर्षानुवर्षे टिकतोही. पण टाकीत बुडवून बसवलेला तो पहिला थर जगातले कुठलेही सर्व्हिस सेंटर परत देऊ शकत नाही. आणि पॅनल रंगवायचे म्हणजे काय करतात? चार इंचांच्या चऱ्यासाठी अख्ख्या दाराचा धडधाकट क्लिअर वॉटर पेपरने घासून मंद करतात, कारण त्याशिवाय नवा रंग धरत नाही. चऱ्याच्या जागी तर बऱ्याचदा पत्र्यापर्यंत घासतात आणि पुट्टी भरतात. म्हणजे जो मूळ थर शाबूत होता तोही तिथे जातो.

रंग मेटॅलिक असेल तर प्रकरण शेजारच्या पॅनलवर जाते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. फवाऱ्याचा दाब, अंतर आणि सुकण्याचा वेग यांवर ते कसे आडवे बसतात हे ठरते, आणि त्यावर छटा ठरते. एकाच डब्यातला रंग दोन दिवशी मारला तरी फरक पडू शकतो. तो लपवण्यासाठी चांगला रंगारी नवा रंग शेजारच्या पॅनलवर हळूहळू विरत नेतो आणि मग त्या पॅनलवरही पूर्ण क्लिअर मारतो. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण हिशोब पाहा: ओरखडा एका दारावर, मूळ पृष्ठभाग गेला दोन पॅनलांचा.

हा समज रुजला कसा, हे समजून घेतले तर जुन्या पिढीला दोष द्यावासा वाटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्यांना बग्गीसारखे तेलाचे व्हार्निश लावत आणि ते सुकायला आठवडे जात. ड्यूपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे ड्युको लॅकर आणले आणि जनरल मोटर्सने ते १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर वापरले; काम काही तासांवर आले. ते नाव आपल्याकडे इतके रुजले की आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारू का’ असे विचारतो. या लॅकरचा गुण असा की त्यातला द्रावक उडाला की ते सुकते, भट्टी लागत नाही. त्यामुळे कॉम्प्रेसर आणि गन असलेला कसबी रंगारी आपल्या शेडमध्ये मूळच्या तोडीचे काम करू शकत असे. साध्या रंगांवर तेव्हा वेगळा पारदर्शक थरही नसे. वरपासून खालपर्यंत रंगच, तोही जाड. ॲम्बेसेडर किंवा कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्याने दर काही वर्षांनी गाडी रंगवून घेणे आणि मधून मधून रबिंग करून चकाकी आणणे हे त्या काळाला धरूनच होते. पत्रा तसाच, पण रंगाची रचना मुळातून बदलली, आणि सल्ला मात्र पद्मिनीच्या काळातला राहिला. टूथपेस्टने घासा म्हणणारेही त्याच काळात अडकले आहेत. टूथपेस्टमधली भुकटी घासते हे खरे, पण दातांसाठी केलेली ती भुकटी क्लिअरवर असमान चालते आणि धुरकट पट्टा ठेवून जाते. खोबरेल तेल किंवा स्प्रेचे तेल तर चऱ्यात नुसते भरून बसते. पुढच्या धुण्याला ते निघाले की चरा जिथल्या तिथे.

आता मुख्य प्रश्न: समोरचा ओरखडा नेमका कुठल्या थरात आहे? पॅनल रंगवा म्हणणारा हे कधी विचारत नाही, आणि उत्तर मात्र पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे.

पुष्कळदा जे नुकसान वाटते ते नुकसानच नसते. पार्किंगच्या खांबाला घासलेल्या गाडीवर पिवळा पट्टा दिसतो तो खांबाचा रंग आहे, आपल्या रंगावर बसलेला. पांढऱ्या गाडीने घासले तर पांढरा. कोकणात जांभ्याच्या गडग्याला घासलेली गाडी तर तांबूस दिसते आणि मालकाला वाटते गंज धरला; जांभ्यात लोहाचे ऑक्साइड असते म्हणून तो रंग, पण तो पत्र्यातून आलेला नसतो. आधी भरपूर पाण्याने आणि कार शाम्पूने जागा धुवा, कारण दगडाचा कण अडकलेला असताना फडके फिरवले तर दहा नवे चरे पडतात. मग मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थोडे रॉकेल घेऊन दुसऱ्याचा रंग हळूहळू पुसा. जे राहील ते बारीक रबिंग कंपाउंडने निघते. कारखान्यात भाजलेला क्लिअर याला सहज टिकतो. पॅनल पूर्वी रंगवलेले असेल तर आधी लपलेल्या कोपऱ्यात करून पाहा. एसीटोन आणि थिनर मात्र दूर ठेवा, प्लास्टिकच्या बंपरवर तर नक्कीच.

त्यानंतर उरलेल्या चऱ्यावर पाणी शिंपडा. ओला असताना तो दिसेनासा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर तो क्लिअरमध्येच आहे. कारण साधे आहे: चऱ्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो, पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, क्लिअरचा साधारण १.५, हवेचा १. खाचेत हवेऐवजी पाणी भरले की विखुरणे कमी होते. मग नख आडवे फिरवा. नख अडकत नसेल तर तो चरा उथळ आहे आणि कंपाउंडने जातो. नख जेमतेम अडखळत असेल तर २००० नंबरचा आणि मग ३००० नंबरचा वॉटर पेपर, शाम्पूच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या तुकड्याभोवती गुंडाळून, हलक्या हाताने, आणि शेवटी कंपाउंड. इथे एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: क्लिअर ३५ ते ४५ मायक्रॉनच आहे, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. चरा शंभर टक्के घालवण्याच्या नादात तो झिजवू नये. कडा बोथट झाल्या की चरा डोळ्याला खुपत नाही, तिथे थांबावे. दाराच्या धारेवर, बॉनेटच्या उठावाच्या रेषेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे मास्किंग टेप लावून मगच घासावे. घासून रंग घालवला अशा ज्या कथा आपण ऐकतो, त्यांत बहुतेक वेळा किनारच गेलेली असते.

पाण्याने न लपणारा, तळाशी करडा प्रायमर किंवा चमकता पत्रा दाखवणारा चरा वेगळा. इथे घासून काही उपयोग नाही. इथे भरायचे असते. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो आणि त्या कोडाची टचअप बाटली मिळते. बाटलीतला ब्रश बहुधा जाड असतो. त्याऐवजी चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा टूथपिकचे टोक घ्यावे. पत्रा दिसत असेल तर आधी तेवढ्याच रेषेत प्रायमर. मग रंग पातळ थरांनी, प्रत्येक थर सुकू देऊन. रंगात द्रावकाचा वाटा मोठा असतो, तो उडाला की थर खाली बसतो. एकदाच जाड थेंब ठेवला तर तो वरून सुकतो, आत मऊ राहतो आणि नंतर खचतो. शेवटी क्लिअर आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर येईपर्यंत भरून आठवडाभर हात लावू नये. मग २००० नंबरने उंचवटा समतल करून कंपाउंड. सावलीत, पत्रा गार असताना, पावसाची हवा नसताना. यात अवघड असे काही नाही, फक्त घाई चालत नाही.

हे दिसेल का? जवळून, उन्हात, दिसेल. मेटॅलिक रंगावर जास्त दिसेल, कारण ब्रशने लावलेले पापुद्रे वाटेल तसे पडतात आणि कोन बदलला की ती रेघ गडद किंवा फिकी भासते. हे मी लपवत नाही. पण दुरुस्तीचा हेतू काय, हे ठरवले पाहिजे. पत्रा झाकला जावा, मूळ रंग जास्तीत जास्त राहावा, आणि चार पावलांवरून नजर तिथे अडकू नये, हा हेतू असेल तर एक बारीक रेघ ही फार थोडी किंमत आहे.

भाव येतो हा मुद्दाही तपासला की उलटतो. जुनी गाडी घेणारे जाणकार हल्ली पत्र्यावर रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र टेकवून पाहतात. सगळीकडे ११० आणि एका दारावर २५० असे आकडे आले की पहिला प्रश्न येतो: या दाराला काय झाले होते? मालक सांगतो, नुसता ओरखडा होता. ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसते. पुट्टीखाली काय आहे हे यंत्र सांगत नाही. उलट दिसणारा, टचअप केलेला ओरखडा स्वतःच आपली हकीकत सांगतो.

आणि विमा. तो फुकट आहे ही समजूत पैशाच्या दृष्टीने सर्वांत महागडी. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुढे वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ असे चढत पुन्हा ५० होतो. हा हप्ता सवलतीआधी १२,००० रुपये आहे आणि तेवढाच राहतो असे धरा. तर पहिल्या वर्षी ६,०००, मग ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, असे मिळून १५,००० रुपये एका क्लेमने गेले. त्यावर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २,००० रुपये प्रत्येक क्लेममध्ये आपल्याच खिशातून जातात. झिरो डेप घेतलेले नसेल तर रंगाच्या सामानाच्या किमतीतला निम्मा घसारा वेगळा. बोनस राखणारी जोड काहींनी घेतलेली असते, त्यांचे नुकसान कमी; पण त्या जोडीचाही हप्ता भरलेलाच असतो. मोठ्या अपघातासाठी घेतलेला विमा चऱ्यावर खर्च करण्यात शहाणपण कसले?

साठवून एकदम क्लेम करा, हा सल्ला तर मला सर्वांत घातक वाटतो, दोन कारणांनी. क्लेमच्या फॉर्मवर घटनेची तारीख आणि कारण लिहावे लागते. वर्षभरात वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले ओरखडे एका अपघातात दाखवणे म्हणजे खोटे निवेदन. सगळे करतात म्हणून ते खरे होत नाही. दुसरे कारण पत्र्याचे. उघड्या पत्र्याला वाट पाहणे परवडत नाही. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर बारीक चऱ्यात जस्त आधी झिजते आणि लोखंडाला काही काळ सांभाळते. पण सगळ्या गाड्यांच्या सगळ्या पत्र्यांना तो नसतो, आणि असला तरी तो संपतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी इथल्या हवेत मीठ आहे, चार महिने ओल आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त. तो रंगाच्या थराखाली सरकतो आणि रंग उचलतो. जून महिन्यात केसाएवढी दिसणारी रेघ दिवाळीपर्यंत फुगवटा होते. म्हणजे ज्याला घरच्या टचअपने भागले असते त्याला खरोखरच पॅनल रंगवायची वेळ येते. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. त्याच्या ओरखड्याला घाई नाही. लोक मात्र नेमके उलटे वागतात: समोरून दिसतो म्हणून बंपर लगेच रंगवतात आणि दाराच्या खालच्या कडेला उघडा पडलेला पत्रा तसाच ठेवतात.

घरी करण्याला एक सीमा आहे आणि ती मी ठामपणे आखतो. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर, मग तो स्प्रेच्या डब्यात का मिळेना, घरी मारू नये. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा बारीक फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडी मात्राही झटका आणते. वासावरून धोका कळत नाही. हवेत तो घातक पातळीला पोचला तरी नाक ते सांगत नाही. कापडी मास्क निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत तोंडाला रुमाल बांधून हाच फवारा दिवसभर मारणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. गरज नसताना रंगवलेले प्रत्येक पॅनल म्हणजे त्यांच्या छातीत गेलेला तेवढा फवारा. स्वस्तात होते म्हणून अख्खी बाजू रंगवून घेणाऱ्याने हा खर्च कुठल्या बिलात आहे ते स्वतःला विचारावे.

गॅरेजला जायचे ते कधी? पत्रा दबला असेल, रंगाला तडे जाऊन पापुद्रे सुटत असतील, तळहाताएवढी जागा पत्र्यापर्यंत खरवडली असेल, किंवा गंज रंगाखाली शिरला असेल तेव्हा. तिथे कसबी डेंटर आणि रंगारी यांना पर्याय नाही, आणि त्यांना त्यांचे पूर्ण पैसे द्यावेत. पण जाताना सांगावे: शक्य तितका मूळ रंग राखा, पुट्टी लागेल तेवढीच भरा, शेजारच्या पॅनलला हात लावण्याआधी विचारा. चांगल्या रंगाऱ्याला ही मागणी समजते. तो रागावत नाही.

बाकी सगळ्यांनी या रविवारी गाडी धुवावी आणि सावकाश एक फेरी मारून प्रत्येक ओरखड्यावर पाणी टाकून पाहावे. जिथे पत्रा दिसेल तिथे पाऊस यायच्या आत प्रायमर आणि रंग लावा. बाकीचे चरे वाट पाहू शकतात.